शर्यत बंद करा, सोडत काढा

गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण सकाळी आठला उघडतं आणि बऱ्याच गाड्यांत आठ वाजून दोन मिनिटांनी कन्फर्म जागा उरत नाही. त्या दोन मिनिटांत डोंबिवलीचा, विरारचा, दिव्याचा चाकरमानी काय करत असतो? लॉगिन करतो. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं वाचून टाइप करतो. चार माणसांची नावं भरतो, आईसाठी खालचा बर्थ मागतो. पुन्हा अक्षरं वाचतो. पैसे भरायच्या पानावर जातो, ओटीपीची वाट बघतो. परत येईपर्यंत कोकणकन्या एक्स्प्रेसला तीन आकडी वेटिंग लागलेलं असतं.

मे २०२३ मध्ये हा प्रकार इतका उघड झाला की कोकणात ओरड झाली आणि चौकशीची मागणी पुढे आली. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, म्हणून सप्टेंबरच्या गणपतीची तिकिटं मेमध्ये काढावी लागत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. मुदत अर्धी झाली, पण ती दोन मिनिटं काही लांबली नाहीत. जागा किती दिवस आधी विकायच्या हा प्रश्नच नव्हता. पहिल्या मिनिटाला दाराशी कोण उभं असतं, हा प्रश्न होता आणि आजही तोच आहे.

दाराशी यंत्र उभं असतं. हा माझा संशय नाही, रेल्वे मंत्रालयानेच तसं सांगितलंय. जून २०२५ मध्ये मंत्रालयाने जाहीर केलं, की तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. बॉट म्हणजे माणसाच्या जागी बसून फॉर्म भरणारा प्रोग्रॅम. त्याला नावं आधीच शिकवून ठेवलेली असतात, पैसे भरायची वाट ठरलेली असते, आणि एकच संगणक एका वेळी कितीतरी खात्यांतून आत शिरू शकतो. त्याच निवेदनात आणखी एक आकडा होता. अडीच कोटी संशयित यूजर आयडी बंद केल्याचा. डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलेला आकडा ३ कोटी २ लाखांवर गेला.

तीन कोटी! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत होती. म्हणजे दोन मुंबया भरतील एवढी खाती रेल्वेच्या तिकीट व्यवस्थेत संशयास्पद होती आणि ती एका वर्षात काढावी लागली. ही खाती एका रात्रीत उगवली नव्हती. त्यांतली दलालांची खाती तिकिटं काढत होती आणि अशा प्रत्येक तिकिटामागे कोणीतरी खरा माणूस वेटिंगवर राहत होता.

इतकी खाती लागतात कशाला, तेही बघू. एका खात्यावर महिन्याला १२ तिकिटं काढता येतात, आधार जोडलं तर २४. ही मर्यादा दलालाला रोखण्यासाठी घातली. दलालाने सोपा हिशेब केला. एका खात्यावर बारा, तर पन्नास खात्यांवर सहाशे. खातं काढायला ईमेल लागतो, आणि दहा मिनिटं टिकणारे फुकटचे ईमेल देणाऱ्या साइट इंटरनेटवर ढिगाने आहेत. रेल्वेने २०२५ मध्ये अशा ईमेलची ६,८०० हून जास्त डोमेन बंद केली. जानेवारी २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने भुवनेश्वरमध्ये एकाला पकडलं, तेव्हा त्याच्याकडे ५६३ वैयक्तिक आयडी मिळाले होते. एकाच माणसाकडे! मग मधली पाच वर्षं खातं उघडायच्या दारावर पहारा का बसला नाही? या प्रश्नाचं उत्तर प्रवाशाने मागायला हवं.

त्याहून जुनं प्रकरण डिसेंबर २०१७ चं. सीबीआयने स्वतःच्याच सहायक प्रोग्रॅमरला अटक केली. आरोप असा, की त्याने ‘नियो’ नावाचं तत्काळ तिकिटं झपाट्याने काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते दलालांना भाड्याने दिलं. पैसे बिटकॉइनमध्ये आणि हवालामार्गे घेतले. हा माणूस सीबीआयमध्ये येण्याआधी चार वर्षं आयआरसीटीसीत, म्हणजे रेल्वेची ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या कंपनीत, कामाला होता. भिंतीला भोक कुठे आहे हे आत काम करणाऱ्यालाच आधी कळतं, ही गोष्ट रेल्वेला त्या दिवशी समजली असणार. त्यानंतर ‘एएनएमएस’, ‘मॅक’, ‘जॅग्वार’ अशा सॉफ्टवेअरची नावं आली. फेब्रुवारी २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने साठ दलाल पकडल्याचं सांगितलं आणि एक तपशील दिला, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. माणसाला तिकीट काढायला सुमारे २.५५ मिनिटं लागतात, या सॉफ्टवेअरला १.४८. लॉगिनचा कॅप्चा (म्हणजे ती वेडीवाकडी अक्षरं), बुकिंगचा कॅप्चा आणि बँकेचा ओटीपी, तिन्ही अडथळे ते ओलांडून जात होतं.

आता या कॅप्चाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण रोज सकाळी लाखो माणसांचे हाल तो करतो.

कॅप्चाला हे नाव अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी दिलं आणि २००३ मध्ये त्यावर निबंध लिहिला. विचार सरळ होता. जे माणसाला सहज जमतं आणि यंत्राला जमत नाही, असं काम दारात ठेवायचं. त्या काळात वाकडी अक्षरं वाचणं हे असं काम होतं. पण २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केलं, की त्यांचं यंत्र सर्वांत अवघड वाकडी अक्षरंही ९९.८ टक्के अचूक वाचतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधकांनी आपल्या अभ्यासात दाखवलं, की बॉट कॅप्चा माणसापेक्षा लवकरही सोडवतात आणि बरोबरही. म्हणजे परीक्षेचा अर्थच उलटा झालाय. जो झटकन आणि बिनचूक सोडवतो तो यंत्र असण्याची शक्यता जास्त. जो अडखळतो, डोळे बारीक करतो, दोनदा चुकतो, तो आपला माणूस.

आणि जिथे यंत्र अडतं, तिथे माणसं भाड्याने मिळतात. ‘घरबसल्या कॅप्चा टाइप करा, कमवा’ ही जाहिरात तुम्ही एसटी स्टँडच्या भिंतीवर, पेपरच्या छोट्या जाहिरातींत किंवा फोनवर पाहिली असेलच. त्या धंद्याचा अभ्यास सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०१० मध्ये केला, तेव्हा हजार कॅप्चा सोडवण्याचा दर एक डॉलरच्या आसपास आणि त्याहूनही खाली आलेला होता. सोडवणारी माणसं गरीब देशांतली, त्यात आपलेही लोक. त्यातल्या कित्येक जाहिराती तर निव्वळ फसवणूक असतात. नोंदणीचे पैसे घेतात आणि गायब होतात. ज्या खऱ्या असतात, त्यांत बारावी झालेली, नोकरी न मिळालेली मुलगी रात्रभर अक्षरं टाइप करते, आणि ती अक्षरं कुठल्या दारावरची आहेत हे तिला कोणी सांगत नाही. तिच्याच आईला गावी न्यायचं तिकीट त्या दारापलीकडे असू शकतं. मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त राग याचा येतो. माणूस ओळखण्याची परीक्षा माणसाकडूनच हजाराला डॉलर या दराने विकत घेतली जाते आणि तरी ती परीक्षा आपण प्रवाशावर लादतो.

ज्याला दिसत नाही त्याचं काय? ज्याला दिसतं पण इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांतला फरक सत्तराव्या वर्षी धड समजत नाही, त्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याच्या अटीबद्दल स्पष्ट सांगितलंय. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले. त्याच मापाने तिकिटाचा कॅप्चा मोजायला हवा. डोळ्यांनी वाचल्याशिवाय उघडत नाही असं दार सार्वजनिक सेवेला शोभत नाही. त्यातून जर ते दार चोराला उघडंच असेल, तर ते ठेवायचं कोणासाठी?

कॅप्चा फसला म्हणून आधार आलं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट फक्त आधार पडताळलेल्या खात्यावरून काढता येतं. त्याच महिन्यात १५ तारखेपासून आधारशी जोडलेल्या ओटीपीची अट आली. अधिकृत एजंटांना पहिला अर्धा तास बंद: एसीसाठी दहा ते साडेदहा, बिगर-एसीसाठी अकरा ते साडेअकरा. १ ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाचीही पहिली पंधरा मिनिटं आधारवाल्या खात्यांसाठी राखली आणि पुढे ही वेळ वाढवत नेली. यातली एजंटांना बाहेर ठेवणारी अट मला मनापासून पटते. ती बऱ्याच आधी यायला हवी होती.

आधारबद्दल मात्र माझं मन स्वच्छ नाही. त्या वेळच्या बातम्यांनुसार आयआरसीटीसीचे तेरा कोटींहून जास्त सक्रिय वापरकर्ते होते आणि त्यातली आधार पडताळलेली खाती सव्वा कोटीच्या आत. म्हणजे दहातल्या नऊ जणांना धावपळ करावी लागली. मोबाइल बदललेला, आधारला जुनाच नंबर. आधारवर इंग्रजीत एक स्पेलिंग, खात्यावर दुसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर कागदपत्रं जुळता जुळत नाहीत. दलालाने याच काळात काय केलं? ‘इंडिया टुडे’ने जुलै २०२५ मध्ये शोध घेतला तेव्हा टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरच्या चाळीसहून जास्त गटांत धंदा उघड्यावर चाललेला होता, आणि आधार पडताळलेलं आयआरसीटीसी खातं ३६० रुपयांत मिळत होतं. नियम लागू होऊन महिनाही झाला नव्हता.

३६० रुपये. एका माणसाच्या ओळखीची बाजारातली किंमत. ते खातं कोणाचं असतं? कोणाच्या तरी नावाचं, कोणाच्या तरी आधारचं. काही जणांनी पैशासाठी स्वतः दिलेलं. काहींचं नकळत गेलेलं, कारण तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या तरी साइटवर होता आणि ती साइट फुटली. ही दुसरी वाट फार जुनी आहे. २००९ मध्ये ‘रॉकयू’ नावाच्या अमेरिकन कंपनीचे तीन कोटी वीस लाख पासवर्ड बाहेर आले, तेही कुठलंही कुलूप न लावता साध्या अक्षरांत ठेवलेले. त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. तेव्हापासून फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या फिरत राहिल्या आहेत, आणि त्या यादीतली जोडी दुसऱ्या साइटवर लावून बघायचं काम बॉट करतो. त्याला तुमचं नाव माहीत असण्याची गरज नाही. दहा लाख जोड्या लावल्या आणि त्यातल्या हजार लागल्या तरी त्याचं भागतं.

म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगतो. ओळखीच्या एजंटने ‘तुमचा आयडी फक्त सणापुरता द्या, चार पैसे देतो’ म्हटलं तर देऊ नका. त्या आयडीवरून काय निघालं याचा जाब तुम्हाला विचारला जाईल. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४३ वं कलम तिकिटांच्या अनधिकृत धंद्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. हा कायदा झाला तेव्हा ई-तिकीट नव्हतं, म्हणून तो इंटरनेटवरच्या तिकिटांना लागत नाही, असं म्हणत केरळ उच्च न्यायालयाने एक खटला रद्द केला होता. ९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. खोटे आयडी काढून ई-तिकिटांचा धंदा करणाऱ्यालाही हे कलम लागतं, असं न्यायालयाने सांगितलं. आणि जे बॉट विकत घेतात त्यांनीही ऐकून ठेवावं. ‘इंडिया टुडे’ने तपासलेल्या एका बॉटची फाइल ट्रोजन निघाली. ट्रोजन म्हणजे तुमच्या फोनमध्ये शिरून तुमचीच माहिती चोरणारा प्रोग्रॅम. तिकिटाच्या घाईत हजार रुपये देऊन माणूस स्वतःच्या घरात चोर आणून बसवतो.

आता मुख्य मुद्दा. इतकं सगळं झालं. कॅप्चा, ओटीपी, आधार, एजंटांना बंदी, तीन कोटी खाती बंद. रेल्वेने बॉट रोखणारी यंत्रणा बसवली, मोठ्या कंपनीची सीडीएन सेवा, म्हणजे साइटचा भार अनेक सर्व्हरवर वाटणारी सेवा, घेतली. हे प्रयत्न खोटे आहेत असं मी म्हणत नाही. मंत्रालयाच्या म्हणण्याप्रमाणे २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, हा तोवरचा उच्चांक. तांत्रिक कामगिरी म्हणून ती मोठी आहे. पण प्रवाशाच्या बाजूने बघा. व्यवस्था जितकी वेगवान, तितकी जागा लवकर संपते आणि तितकं पहिल्या सेकंदाला महत्त्व येतं. आणि पहिला सेकंद कायम यंत्राचाच असतो.

बॉटची ताकद एकच आहे, वेग. आपण आरक्षणाची पद्धत अशी ठेवली आहे की वेगालाच बक्षीस मिळतं. जो आधी पोचला त्याला जागा. स्टेशनच्या खिडकीवर ही पद्धत ठीक होती, कारण तिथे पहाटे तीनला उठून रांगेत बसायला शरीर लागायचं, आणि एका शरीराने एकाच रांगेत बसता येतं. तिथेही दलाल होते, माणसं बसवत होते, पण त्यालाही हद्द होती. ऑनलाइन रांगेत शरीर नाही. तिथे ‘आधी आला’ याचा अर्थ ‘कोणाचा संगणक सर्व्हरच्या जवळ आहे आणि कोणाचा प्रोग्रॅम चांगला लिहिलाय’ एवढाच होतो. पहाटे उठण्याचं पुण्य त्यात कुठेच मोजलं जात नाही.

मग वेगाचं बक्षीसच काढून घ्या. सोडत काढा.

मुंबईकराला सोडत समजावून सांगायला लागत नाही. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज कोण किती वाजता भरतं याला किंमत नाही. मुदतीत भरला की झालं. मग संगणकावर सोडत निघते, यादी लागते, लोक नाव शोधतात. नाव न लागल्याचं दुःख होतं, पण आपल्या आधी कोणी शिरला असं वाटत नाही. गणपतीच्या गाड्यांसाठी हेच करावं. सकाळी आठ ते रात्री आठ अर्ज घ्या. एका कुटुंबाचा एक अर्ज, म्हणजे आई एका डब्यात आणि मुलगा वेटिंगवर असं होणार नाही. एका दिवशी एका दिशेला एका माणसाचं नाव एकदाच. रात्री नऊला सोडत. ज्यांचं नाव लागलं त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे भरायची मुदत. न भरलेल्या जागा सोडतीतल्या पुढच्या नावांना. वेटिंगचा क्रमही सोडतीनेच.

यात कॅप्चा लागत नाही. दृष्टिहीन माणूस दुपारी दोनला आपल्या वेगाने फॉर्म भरेल. रात्रपाळी करून आलेली नर्स झोप काढून संध्याकाळी भरेल. देवरुखजवळच्या खेड्यात रेंज दुपारनंतर आली तरी चालेल. सर्व्हरवर एका मिनिटात कोसळणारा भार बारा तासांत पसरेल. आणि बॉट? त्याने आठ वाजून शून्य सेकंदाला अर्ज भरला काय आणि संध्याकाळी सात एकोणसाठला भरला काय, त्याला कवडीचाही फायदा नाही. दलाल आज ज्या गोष्टीचे पैसे घेतो ती गोष्ट म्हणजे खात्री. ‘कन्फर्म देतो’ हे त्याचं वाक्य. सोडतीत ती खात्री देणं त्याच्या हातात राहत नाही.

सोडतीतही लबाडी होते, हे मला कोणी सांगायला नको. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची सोडत आपल्या पुण्या-ठाण्यातल्या हजारो घरांना पाठ आहे. तिथे एकाच उमेदवाराचं नाव अनेक कंपन्यांकडून घालायचा प्रकार वाढला, आणि २०२४ या आर्थिक वर्षासाठी पात्र नोंदण्या ७,५८,९९४ वर गेल्या. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने एक बदल केला. निवड नोंदणीवर न करता माणसावर केली आणि पासपोर्ट क्रमांकाने एका माणसाला एकदाच मोजलं. नोंदण्या ४,७०,३४२ वर उतरल्या. एकाच माणसाच्या अनेक नोंदण्या चार लाखांहून पन्नास हजारांच्या आत आल्या. दहा नावं घालून फायदा नाही म्हटल्यावर लोकांनी दहा नावं घालणं सोडून दिलं.

म्हणून सोडतीला ओळख लागेल, हे मान्य करतो. पण ती ओळख आधारचीच हवी असं नाही. गाडीत टीसी जे ओळखपत्र बघतो, मतदार कार्ड, पासपोर्ट, पॅन, वाहन परवाना, त्यातल्या कुठल्याही एकाचा क्रमांक अर्जात घ्या आणि प्रवासात तोच दाखवायला सांगा. दुबईहून सणासाठी येणाऱ्या सावंतवाडीकराकडे पासपोर्ट असतोच. खोट्या नावाचा अर्ज निघाला तरी प्रवासात तो माणूस उभा करता येणार नाही, आणि न वापरलेलं तिकीट दलालाच्या अंगावर पडेल. आज ओळखीचं ओझं तिकीट काढायच्या घाईच्या क्षणी टाकलं जातं. ते बारा तासांत पसरवता येतं.

कोणी म्हणेल, तातडीच्या प्रवासाला सोडत कशी चालेल? वडील आजारी आहेत, उद्या निघायचंय. तत्काळ त्यासाठीच आहे, आणि तिथेही दहा ते सव्वादहा अर्ज घेऊन सव्वादहाला सोडत काढता येते. पंधरा मिनिटं थांबायला कोणाची हरकत नसावी. आज पहिल्या मिनिटाला जागा संपते आणि उरलेला दिवस तो माणूस एजंटांना फोन करत बसतो.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सोडतीने जागा वाढत नाहीत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि आजही बहुतेक मार्ग एकेरी आहे. रोहा ते वीर एवढाच तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. २०२५ च्या गणपतीत रेल्वेने ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या, एसटीने पाच हजारांवर जादा गाड्या सोडल्या, तरी माणसं उभ्याने गेली. हे दुखणं रुळांचं आहे आणि ते रूळ टाकूनच बरं होईल. पण जागा कमी आहेत म्हणून त्या वाटण्यात अन्याय चालेल, असं होत नाही. उलट जागा जितक्या कमी, तितकी वाटणी जास्त चोख हवी.

आणि तोवर रेल्वेने निदान एक करावं: हिशेब द्यावा. तीन कोटी खाती बंद केली म्हणता, त्यातली किती खऱ्या माणसांची निघाली आणि किती परत सुरू केली? ज्याचं खातं संशयावरून बंद झालं त्याला कोणाकडे दाद मागायची हे किती जणांना सांगितलं? गणपतीच्या पहिल्या दिवसाच्या आरक्षणात पहिल्या मिनिटाला गेलेल्या जागांपैकी किती नव्या खात्यांवर गेल्या, किती एकाच इंटरनेट पत्त्यावरून गेल्या, किती नंतर रद्द झाल्या? ही माहिती सर्व्हरवर पडलेली आहे. प्रवासी प्रत्येक ई-तिकिटामागे सेवाशुल्क भरतो, त्यामुळे ती मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

सगळ्या देशाच्या गाड्यांवर एका दिवसात सोडत लावा असंही मी म्हणत नाही. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी घ्या. गणपतीच्या आदल्या दिवसाचे फक्त स्लीपरचे डबे. बारा तास अर्ज, रात्री नऊला सोडत, पीएनआर क्रमांकांची यादी सगळ्यांना दिसेल अशी. बाकीच्या गाड्या नेहमीच्या पद्धतीने जाऊ द्या. मग दोन्हींची आकडेवारी शेजारी शेजारी छापा: किती अर्ज, किती खाती, किती रद्द, आणि त्या डब्यांतून किती माणसं खरोखर कणकवली-कुडाळला उतरली.